अस्वानला जायचं असेल तर

गेल्या नाताळच्या सुट्टीत मी इजिप्तला जाऊन आले. परत आल्यावर आजीला मोबाईलवर फोटो दाखवत होते. अबू सिंबेलचं देऊळ, दगडात कोरलेले चार प्रचंड पुतळे, मागे निळं पाणी. मी मोठ्या उत्साहात सांगितलं, "आजी, धरण बांधलं तेव्हा हे अख्खं देऊळ कापून वर उचललं, जगभरातून पैसे आले." आजीनं फोटो पाहिला आणि विचारलं, "आनी थंयचे लोक खंय गेले गो?"

आजी कुर्डीची. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, हे गोव्यात बहुतेकांना ठाऊक आहे. मोगूबाई कुर्डीकरांच्या नावात आहे तीच ही कुर्डी. तिथलं महादेवाचं जुनं देऊळ पुरातत्त्व खात्यानं दगड दगड सुटा करून धरणाजवळ नेलं आणि पुन्हा उभारलं. माणसं वाडे-वालकिणीला गेली. मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांचे चौथरे वर येतात, तेव्हा जुने गावकरी तिथे जमतात. सोमेश्वराचा उत्सव होतो, कपेलाचं फेस्तही होतं. आजी दर वर्षी जाते आणि आपल्या घराच्या जागी थोडा वेळ बसून येते.

म्हणून तिनं तो प्रश्न विचारला. मला उत्तर देता आलं नाही. नऊ दिवस तिथे राहून मी ते कुणाला विचारलंच नव्हतं.

मंडळाच्या बैठकीत तेच फोटो दाखवले तेव्हा वेगळे प्रश्न आले. कसं जायचं, किती दिवस लागतात, खायला काय मिळतं, मुलींनी कसं फिरावं. त्यांची उत्तरं इथे देते. आजीच्या प्रश्नाचं उत्तर आल्यावर वाचून मिळवलं, तेही देते, कारण ते माहीत असतं तर मी सहल वेगळी आखली असती.

हा प्रदेश नेमका कुठला

अस्वान हे इजिप्तच्या दक्षिण टोकाचं शहर. इथे नाईलच्या पात्रात ग्रॅनाइटचे मोठमोठे खडक आहेत. नदीवरच्या अशा खडकाळ टप्प्यांपैकी उत्तरेकडून मोजलं तर हा पहिला. पश्चिम काठावर सहारा वाळवंटाची वाळू अक्षरशः पाण्यापर्यंत उतरलेली दिसते. इथून दक्षिणेला सुदानमध्ये खोलवर जाणारा नदीकाठ म्हणजे नुबिया. इजिप्तच्या राजांना सोनं इथून मिळे. पुढे सहाव्या शतकापासून इथे ख्रिस्ती राज्यं होती आणि ती काही शतकं टिकली, हे मला जाण्यापूर्वी माहीतही नव्हतं.

नुबियाचा सुदानमधला भाग पाहण्याचा विचार सध्या करू नका. एप्रिल 2023 पासून सुदानमध्ये युद्ध चालू आहे. तिथले पिरॅमिड, जुनं डोंगोला, जेबेल बरकल हे सगळं नकाशात बघून ठेवा. खाली लिहिलेलं सगळं इजिप्तमधल्या भागाविषयी आहे. तिकीट काढण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना एकदा वाचा.

कधी आणि कसं जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि देवळांच्या आवारात सावली फारशी नसते. डिसेंबरात दिवसा ऊन छान असतं, पण पहाटे चांगलीच थंडी पडते. मी "वाळवंटात कसला स्वेटर" म्हणून नेला नव्हता. अबू सिंबेलच्या गाडीत पहाटे चार वाजता तीयाची शाल पांघरून कुडकुडत बसले होते.

मुंबईहून कैरोला थेट विमान आहे. कुवेतला नर्स असलेली माझी तीया आणि तिचा नवरा तिकडून आले, आम्ही कैरोला भेटलो. कैरोहून अस्वानला रात्रीची रेल्वे आहे. अंतर सुमारे 880 किलोमीटर, एक अख्खी रात्र आणि वर थोडी सकाळ. विमानानं दीड तासात पोचता येतं. तरी येताना नाही तर जाताना एकदा रेल्वेनं जाच. सकाळी जाग येते तेव्हा खिडकीबाहेर उसाची शेतं, खजुरीची झाडं आणि त्यांच्यामागे लगेच उघडं वाळवंट दिसतं. नदीकाठची हिरवी पट्टी किती अरुंद आहे, ते विमानातून नुसतं दिसतं. रेल्वेतून ते पटतं.

व्हिसा निघण्याआधीच काढून ठेवा. नियम बदलत असतात, म्हणून ओळखीच्या माणसाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका. मुंबईत इजिप्तचा वाणिज्य दूतावास आहे, तिथे चौकशी करा. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. ड्रोन अजिबात नेऊ नका. परवान्याशिवाय तो देशात आणायलाच बंदी आहे.

पैसे

इजिप्तचं चलन पौंड, पण ते इंग्लंडचे पौंड नव्हेत. विद्यार्थ्यांसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र. सरकारी देवळं आणि संग्रहालयांत परदेशी विद्यार्थ्यांना साधारण निम्म्या दरात तिकीट मिळतं. आपल्या कॉलेजचं ओळखपत्र एका ठिकाणी चाललं, दोन ठिकाणी नाही. दुसरी, अनेक मोठ्या ठिकाणी खिडकीवर रोख रक्कम घेत नाहीत, कार्डच लागतं. निघण्यापूर्वी बँकेत जाऊन कार्ड परदेशात चालू करून घ्या.

बाकी सगळीकडे सुट्ट्या नोटा लागतात. स्वच्छतागृहाच्या दारात, बॅग उचलणाऱ्याला, देवळाच्या कोपऱ्यात नेऊन "इथून फोटो काढा" सांगणाऱ्या रखवालदाराला, सगळ्यांना बक्षीस द्यावं लागतं. शब्दही तोच, 'बक्षीश'. नको असेल तेव्हा हसून "ला, शुक्रन" म्हणायचं, म्हणजे "नको, धन्यवाद", आणि चालत राहायचं. थांबलात की संपलं.

होडीचा भाव आधी ठरवा आणि तीन गोष्टी बोलून घ्या: भाव अख्ख्या होडीचा की माणशी, जाऊन-येऊन की एकाच बाजूचा, आणि तिकडे किती वेळ थांबणार. फिलीच्या देवळाला जाताना आम्ही तिसरी गोष्ट बोललो नाही. तासाभरातच नावाडी हाका मारायला लागला आणि आणखी अर्ध्या तासाचे वेगळे पैसे मोजावे लागले.

खाणं, पाणी, तब्येत

शाकाहारी मित्रमैत्रिणींसाठी चांगली बातमी आहे. तिथल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांचे उपवास वर्षातले कितीतरी दिवस चालतात आणि त्या काळात ते मांस, दूध, अंडी खात नाहीत. त्या जेवणाला 'सियामी' म्हणतात. "सियामी आहे का?" असं विचारलं की हॉटेलवाल्याला लगेच कळतं. एरवीही 'फूल' म्हणजे शिजवून घोटलेला बाकला, 'तामिया' म्हणजे त्याच बाकल्याचे वडे, आणि 'कोशरी' म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, तळलेला कांदा आणि टोमॅटोची आंबट चटणी, हे सगळीकडे मिळतं आणि स्वस्त असतं. अस्वानचं खास पेय 'कर्कदे'. आपल्या अंबाडीच्या कुळातल्या झाडाची लाल बोंडं उकळून करतात, गरम किंवा गार. चव कोकम सरबताच्या जवळची, त्यामुळे मला लगेच आवडलं.

नळाचं पाणी पिऊ नका. नाईलच्या संथ पाण्यात पाय सोडून बसण्याचा मोह होतो, तोही आवरा. गोगलगायींमधून पसरणारे बारीक कृमी अशा पाण्यात असतात आणि ते कातडीतून शरीरात शिरतात. होडीत बसून हात भिजला तर घाबरू नका, पण काठाला उतरून डुंबू नका.

मुलींसाठी: पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि एक ओढणी. ऊन, वाळू, चर्च, मशीद, सगळीकडे ती उपयोगी पडते. अस्वान मला कैरोपेक्षा खूप निवांत वाटलं. तरी संध्याकाळी अनोळखी होडीत एकटीनं बसू नये, चार जणींनी मिळून जावं. कैरोच्या मेट्रोत बायकांसाठी वेगळे डबे असतात.

फोटोंबद्दल: पोलीस, सैनिक, तपासणी नाके यांचे काढू नका. देवळांच्या आत फ्लॅश वापरू नका.

नाताळच्या सुट्टीत गेलात तर आणखी एक गंमत आहे. कॉप्टिक नाताळ 7 जानेवारीला असतो, म्हणजे एका सुट्टीत दोन नाताळ. आम्ही 6 तारखेच्या रात्री अस्वानच्या कॅथेड्रलमध्ये मागे उभे राहिलो. भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण धूप, घंटा आणि नवे कपडे घालून पेंगणारी पोरं, हे सगळं ओळखीचं होतं.

काय बघायचं

फिली: इसिस देवीचं हे देऊळ पहिल्या धरणामुळेच वर्षातले कितीतरी महिने पाण्यात असायचं. ते उचलून शेजारच्या अगिल्किया बेटावर नेलं. 1972 ला काम सुरू झालं आणि 1980 ला देऊळ पुन्हा खुलं झालं. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतला आजवर सापडलेला शेवटचा लेख याच देवळात आहे, 24 ऑगस्ट 394 चा. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी तरी जावं. तीन हजारांहून जास्त वर्षं लिहिली गेलेली लिपी इथे थांबली. पुढे सहाव्या शतकात या देवळाचं चर्च झालं. खांबांवर कोरलेले क्रूस अजून दिसतात, आणि काही देवतांचे चेहरे छिन्नीनं खरवडलेलेही दिसतात. ख्रिस्ती म्हणून ते बघताना मला थोडं अवघडल्यासारखं झालं. दोन्ही बघावं.

अबू सिंबेल: अस्वानच्या दक्षिणेला 280 किलोमीटर, रस्त्यानं साडेतीन तास. बहुतेक गाड्या पहाटे चारच्या सुमारास निघतात, म्हणून सगळे एकदमच पोचतात आणि आत मुंगीला शिरायला जागा नसते. जमलं तर एक रात्र तिथल्या गावात राहा. गाड्या परत गेल्या की देऊळ रिकामं होतं. दुसऱ्या रामसेसचं हे देऊळ 1964 ते 1968 या काळात हजारावर तुकड्यांत कापून 65 मीटर वर आणि सुमारे 200 मीटर मागे नेलं. 22 फेब्रुवारी आणि 22 ऑक्टोबरला पहाटेचं ऊन थेट गाभाऱ्यात पोचतं. त्या दिवशी भयंकर गर्दी असते.

कलाबशा: धरणाच्या दक्षिणेला, होडीनं जायचं. हेही हलवलेलं देऊळ. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. वेळ कमी असेल तर मोठं धरण रस्त्यातूनच बघा आणि तो तास इथे द्या.

आता आजीचा प्रश्न

अस्वानचं पहिलं धरण 1902 मध्ये झालं. 1912 आणि 1933 मध्ये त्याची उंची वाढवली. प्रत्येक वेळी पाणी चढलं आणि नुबियन गावांनी घरं आणखी वर, डोंगराच्या अंगाला बांधली. मग 1960 मध्ये मोठ्या धरणाचं काम सुरू झालं. ते 1970 ला पुरं झालं आणि मागे जवळपास 500 किलोमीटर लांब जलाशय पसरला. आता वर सरकायला जागाच उरली नाही.

देवळं वाचवण्यासाठी युनेस्कोनं 1960 मध्ये जगाला हाक दिली. पन्नासेक देशांनी मदत केली. आपल्याकडूनही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व खात्याचं पथक 1962 मध्ये उत्खननाला गेलं होतं. कुर्डीचं देऊळ हलवणारं खातं तेच, हे वाचताना मी दचकले. मदतीच्या बदल्यात काही छोटी देवळं इजिप्तनं भेट दिली. आज एक न्यूयॉर्कमध्ये आहे, एक माद्रिदमध्ये.

आणि माणसं? इजिप्तच्या बाजूचे सुमारे 50,000 नुबियन 1963-64 मध्ये कोम ओम्बोच्या आसपास सरकारनं बांधलेल्या वसाहतींत आणले गेले. गावांना नावं जुनीच ठेवली. पण जुनी गावं नदीकाठी होती आणि नवी नदीपासून दूर आहेत. सुदानच्या बाजूचेही साधारण तेवढेच लोक दूर खश्म अल-गिरबाला हलवले गेले. 2014 च्या इजिप्तच्या संविधानात, कलम 236 मध्ये, नुबियन लोकांना मूळ प्रदेशात परत आणण्यासाठी दहा वर्षांत योजना राबवण्याची गोष्ट लिहिली आहे. 2024 साल येऊन गेलं. परत जाणं झालेलं नाही.

कोम ओम्बोचं सुंदर जोडदेऊळ बघायला आम्ही गेलो होतो. वाटेत एका ठिकाणी गाडीच्या ड्रायव्हरनं उजवीकडे हात करून सांगितलं, "माझं गाव. नवं गाव. चहा घेऊ?" आम्हाला घाई होती. तीयाचा नवरा म्हणाला, "परत येताना बघू." परत येताना अंधार झाला होता. ड्रायव्हर पुन्हा बोलला नाही, आम्हीही नाही. आजीच्या प्रश्नाचं उत्तर त्या चहाच्या पेल्याशी मिळालं असतं.

म्हणून एक दिवस वेगळा ठेवा

तुम्ही जाल तेव्हा तीन दिवस देवळांना द्या आणि एक दिवस माणसांना. तो असा घालवता येईल.

सकाळी नुबियन संग्रहालय. 1997 मध्ये ते उघडलं. बहुतेक जण मूर्ती बघून निघतात. तुम्ही जुन्या घरांचा आणि गावांच्या जीवनाचा विभाग सावकाश बघा.

दुपारी नावेनं एलिफंटाईन बेटावर जा. स्थानिक लोकांची साधी फेरी आहे. बेटावर नुबियन वस्त्या आहेत, गल्ल्यांतून पायी फिरता येतं. घरांचे फोटो विचारून काढा, माणसांचे तर नक्कीच विचारून. गर्ब सुहेल हे रंगीत भिंतींचं गाव प्रसिद्ध आहे. तिथे जा, पण टाकीत कोंडलेली मगरीची पिल्लं हातात घेऊन फोटो काढण्याचे पैसे देऊ नका. तेच पैसे घरगुती जेवणावर खर्च करा.

आणि ड्रायव्हर नुबियन असेल, अस्वानला पुष्कळदा असतोच, तर त्याला विचारा, "तुमचं जुनं गाव कोणतं?" तो चहाला बोलावेल. जा.

निघण्याआधी हमझा अल-दीन या नुबियन उदवादकाचं संगीत ऐका. त्यांचं तोश्का गाव पाण्याखाली गेलं. धरण येणार हे कळल्यावर ते गावोगाव फिरून गाणी गोळा करत होते आणि लोकांना सावध करत होते. 'एस्कलै' ही त्यांची रचना शेताला पाणी देणाऱ्या राहाटावर आहे. राहाट फिरतो तसे सूर फिरत राहतात. मी ती आजीला ऐकवली. तिला आवडली की नाही ते तिनं सांगितलं नाही, पण पूर्ण ऐकली.

शेवटी एक चित्र. सुदानमधल्या फरस इथलं कॅथेड्रलही याच पाण्याखाली गेलं. त्याआधी पोलिश संशोधकांनी 1961 ते 1964 या काळात तिथली शंभरावर भित्तिचित्रं भिंतींवरून सोडवून घेतली. काही खार्टूमला राहिली, आणि या युद्धात तिथलं संग्रहालय लुटलं गेलं. काही वॉर्साला आहेत. त्यांतलं सगळ्यात प्रसिद्ध चित्र सांत आनाचं, म्हणजे येशूच्या आजीचं. मोठे डोळे आणि ओठांवर एक बोट. ती प्रार्थना करते आहे की गप्प राहायला सांगते आहे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

या मे महिन्यात आजीबरोबर मीही कुर्डीला जाणार आहे. इतकी वर्षं परीक्षा, ऊन, काही ना काही कारण होतं. आजीनं आत्ताच सांगून ठेवलंय: पाण्याची बाटली आण, टोपी आण, आणि चिखल असतो, चांगल्या चपला घालू नकोस.